पीस स्टेशनवर निघालेले बी.पी. आणि नाकारलेली पेन्शन

वाचकाचे पत्र: मी गडहिंग्लज तालुक्यातील माजी सैनिक असून ऑगस्ट १९९८ मध्ये भरती झालो व २४ वर्षांची सेवा पूर्ण करून ३१ ऑगस्ट २०२२ रोजी हवालदार पदावरून निवृत्त झालो. २०११ पासून अडीच वर्षे मी राष्ट्रीय रायफल्सबरोबर काश्मीरमध्ये होतो. तिथून पीस स्टेशनवर, म्हणजे शांत भागातील ठाण्यावर, आल्यानंतर चौथ्या महिन्यात वार्षिक तपासणीत मला बी.पी. निघाले. कंबरेचे दुखणे काश्मीरमध्येच सुरू झाले होते. घरी येताना झालेल्या मेडिकल बोर्डाने बी.पी.ला ३० टक्के, कंबरेच्या मणक्याला २० टक्के आणि दोन्ही मिळून ४० टक्के अपंगत्व आयुष्यभरासाठी धरले, पण दोन्हींचा सेवेशी संबंध नाही असे लिहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये रेकॉर्ड ऑफिसचे (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचे) अपंगत्व पेन्शन नाकारल्याचे इंग्रजी पत्र आले, ते मी ट्रंकेत ठेवून दिले. आता माझ्या बरोबरच्या एकाला केस करून पेन्शन मिळाल्याचे कळले. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, मिळालेल्या रकमेचे ३० टक्के द्या, सगळे करून देतो. दुसरे म्हणतात, नव्याने मेडिकल करून घ्या. तिसरे म्हणतात, आता हायकोर्ट कोल्हापुरातच आले आहे, तिथे केस टाका. उशीर झाला आहे का आणि सुरुवात कुठून करावी, हे कृपया सांगावे. बोर्डाच्या कागदाची जी पाने माझ्याकडे आहेत ती सोबत जोडली आहेत.

हवालदारसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. उशीर झाला आहे, पण हक्क गेलेला नाही. जी गोष्ट दर महिन्याला थोडी थोडी हातची जात आहे ती थकबाकी, आणि तिचा हिशेब पुढे येईलच. सुरुवात मात्र कोर्टापासून किंवा वकिलापासून न करता तुम्ही ट्रंकेत ठेवून दिलेल्या त्या पत्रापासून आणि ज्याच्या आधारे ते लिहिले गेले त्या मेडिकल बोर्डाच्या कागदापासून करायची आहे.

चंदगड, आजरा, गडहिंग्लजपासून शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीपर्यंत आपल्या जिल्ह्यात अशी काळी पत्र्याची ट्रंक नसलेली गल्ली सापडणे अवघड आहे, आणि तिच्यात डिस्चार्ज बुकाच्या खाली इंग्रजीतील एखादे नकाराचे पत्र घडी करून ठेवलेले असणे हेही नवीन नाही. माझ्या वडिलांची ट्रंक आमच्या माळ्यावर अजून आहे. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून आम्ही मुले जेवताना त्यांच्या उजव्या हाताला बसायचो. ते मॉर्टर (उखळी तोफ) प्लाटूनमध्ये होते आणि त्या कानाचा त्या कामाशी संबंध असू शकतो हे मला वकिलीची सनद घेतल्यानंतर सुचले, तोवर ते गेले होते. त्यामुळे तुम्ही उशिरा का होईना विचारलेत, याचे मला मनापासून बरे वाटले.

आता मुद्द्याकडे येतो. निवृत्तीच्या वेळी होणाऱ्या बोर्डाचा कागद ए.एफ.एम.एस.एफ. १६ या नमुन्यात असतो. तुम्ही पाठवलेल्या पानांवर तीन नोंदी आहेत आणि तुमचे संपूर्ण प्रकरण त्या तिघींत सामावलेले आहे. पहिल्या नोंदीत बोर्डाला विचारले आहे की हा आजार भरतीपूर्वी होता काय, आणि दोन्ही आजारांपुढे बोर्डाने स्वतःच्या हाताने ‘नाही’ असे लिहिले आहे. दुसरी नोंद टक्केवारीची आहे, ती तुम्ही कळवली तशीच आहे. तिसऱ्या नोंदीत आजार सेवेमुळे उद्भवला काय आणि सेवेमुळे बळावला काय असे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत; दोन्हींना ‘नाही’ असे उत्तर असून बी.पी.च्या बाबतीत त्यापुढे कारण म्हणून एकच ओळ आहे: सुरुवात पीस स्टेशनवर झाली, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा सी.आय. ऑप्सच्या (बंडखोरीविरोधी मोहिमांच्या) ताणाशी जवळचा कालसंबंध नाही.

अपंगत्व पेन्शनला दोन अटी लागतात. अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून अधिक असले पाहिजे, आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा बळावलेले असले पाहिजे. यातली पहिली अट तुमच्या बाबतीत खुद्द बोर्डाने मान्य केलेली आहे, म्हणजे तुम्ही किती आजारी आहात हा वादाचा विषयच उरत नाही. वाद आहे तो फक्त त्या एका ओळीचा. अपील लिहिताना ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली नाही तर माणूस आपल्या गोळ्यांची यादी, चक्कर येण्याचे प्रसंग, घरची परिस्थिती असे चार पाने लिहितो आणि ज्या कारणावरून नकार आला त्या कारणाला हातही लावत नाही. अशी अपिले मी पुष्कळ पाहिली आहेत आणि ती फेटाळणाऱ्या अधिकाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत.

याच कारणाने नव्याने मेडिकल करून घेण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. आयुष्यभरासाठी म्हणून ठरलेली टक्केवारी संरक्षण मंत्रालयाच्या फेब्रुवारी २००१ च्या धोरणानुसार तुम्ही स्वतः मागणी केल्याखेरीज पुन्हा तपासली जात नाही. ज्याची टक्केवारी १५ लागली आहे किंवा ज्याचा आजार निवृत्तीनंतर बराच वाढला आहे, त्याने फेरतपासणी मागणे समजू शकते. तुमच्या हातात मान्य झालेले ४० टक्के आहेत. रोज गोळी घेत असल्यामुळे तपासणीच्या दिवशी बी.पी. आटोक्यात निघाले आणि नव्या बोर्डाने टक्का खाली आणला, तर जे मिळालेले आहे तेही वादात पडेल. त्याचप्रमाणे काही जण कोल्हापूरच्या सी.पी.आर. या सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला काढून अपिलाला जोडतात. तो दाखला दिव्यांगांसाठीच्या इतर योजनांसाठी उपयोगी आहे, पण सैन्याची अपंगत्व पेन्शन सैन्याच्या बोर्डावरच ठरते, त्यामुळे इथे त्याचा भार नको.

आता त्या ओळीविषयी. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात जो निकाल दिला तो या क्षेत्रातील प्रत्येक अपिलाचा पाया आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी अवस्थेत सेवेत आला असे गृहीत धरायचे, नंतर त्याची प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे मानायचे, तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी सैनिकावर न टाकता सरकारवर टाकायची, आणि वैद्यकीय मंडळाने संबंध नाकारताना त्याची कारणे लिहायची, असे त्या निकालाचे सार आहे. त्यानंतरच्या वर्षी, २०१४ मध्ये, सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात आणि २०१५ मध्ये राजबीर सिंग यांच्या प्रकरणात हीच भूमिका पुन्हा घेतली गेली.

यावर सरकारी वकिलांचे ठरलेले उत्तर असे असते की धरमवीर सिंग यांचा निकाल १९८२ च्या पात्रता नियमांवर आहे आणि तुम्ही निवृत्त झालात तेव्हा २००८ चे नियम लागू होते, ज्यांत निरोगी असल्याचे ते गृहीतक तितक्या स्पष्ट शब्दांत नाही. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही, म्हणून त्याचे उत्तर तयार ठेवावे. २००८ च्या नियमांतील सातव्या नियमातही असेच म्हटले आहे की दावेदाराला सर्वसाधारणपणे आपली पात्रता सिद्ध करायला सांगितले जाणार नाही. अपवाद एवढाच की निवृत्तीनंतर १५ वर्षांहून अधिक काळाने दावा केला आणि तोपर्यंत सेवेचे कागद मुदतीनुसार नष्ट झाले असतील, तर सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदाराकडे येते. तुम्हाला निवृत्त होऊन १५ वर्षे व्हायला २०३७ साल उजाडेल. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ च्याच नियमांखालील मधुमेहाच्या एका प्रकरणात म्हटले आहे की आजार पीस स्टेशनवर असताना सुरू झाला एवढ्यावरून पेन्शन नाकारता येत नाही. सेवेशी संबंध नसेल तर तो दुसऱ्या कशामुळे झाला, हे मंडळाने शोधून लिहिले पाहिजे. तुमची ओळ आणि त्या प्रकरणातील ओळ या सख्ख्या बहिणी शोभतील.

२०२३ चे नवे पात्रता नियम मात्र तुम्हाला लागू नाहीत. ते २१ सप्टेंबर २०२३ पासून अमलात आले आणि त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी आहेत. तुमच्या धाकट्या भावकीतील कोणी त्या तारखेनंतर निवृत्त झाला असेल तर त्याने तुमच्या अपिलाची नक्कल करून स्वतःच्या नावाने पाठवू नये, एवढे त्याला सांगा.

कायदा इतका अनुकूल असताना निकाल ठरलेलाच आहे, असे समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात मानसिक आजाराच्या संदर्भात पेन्शन नाकारली आणि भरतीच्या वेळी नोंद नव्हती एवढ्या एका गोष्टीवर यंत्रवत निकाल देता येणार नाही असे सांगितले. म्हणून कायद्याच्या जोडीला तुमच्या नोकरीची हकीकत कागदावर उभी राहिली पाहिजे, आणि तुमची हकीकत बोलकी आहे.

बी.पी. ज्या दिवशी दंडाला पट्टा बांधला त्या दिवशी सापडते. ते त्या दिवशी सुरू होत नाही. तुम्हाला ते काश्मीरमधून उतरल्यानंतर चौथ्या महिन्यात सापडले. अडीच वर्षे रात्रीची गस्त, नाके, अर्धवट झोप आणि सतत सावध राहण्याचा ताण, आणि मग चार महिन्यांनी केलेल्या तपासणीत वाढलेला दाब, हा क्रम पाहिला की ‘जवळचा कालसंबंध नाही’ हे वाक्य टिकत नाही. मात्र हा क्रम तुमच्या तोंडच्या सांगण्यापेक्षा कागदांतून दिसायला हवा. त्यासाठी तारखांसह पोस्टिंगचा तक्ता, त्यातील प्रत्येक ठाणे फील्ड होते की पीस याची नोंद, आणि काश्मीरला जाण्यापूर्वीच्या व परत आल्यानंतरच्या वार्षिक तपासण्यांचे आकडे मिळवा. जाण्यापूर्वी दाब व्यवस्थित होता आणि आल्यावर वाढला होता, हे सैन्याच्याच दोन कागदांवरून दिसले तर त्यासारखा साक्षीदार नाही.

त्याच कागदांत वजनाचा रकाना असतो, तो न विसरता पाहा. २०१४ च्या सुमारास तुमचे वजन मर्यादेपेक्षा जास्त नोंदले गेले असेल, किंवा तंबाखू, मद्य, घरातील बी.पी.चा इतिहास याबद्दल काही लिहिलेले असेल, तर समोरची बाजू तेच पुढे करणार. अशी नोंद असल्यास ती लपवू नका. आपणहून सांगा आणि बोर्डाने नकार देताना हे कारण दिलेलेच नव्हते, त्यामुळे नंतर नवे कारण जोडता येणार नाही, असे म्हणा. तशी नोंद नसेल तर हेही ठळकपणे लिहा की वजन प्रमाणात होते, व्यसन नव्हते, आणि बोर्डाने सेवेखेरीज दुसरे एकही कारण दाखवलेले नाही.

कंबरेची बाजू थोडी कच्ची आहे. तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला लिहिले आहे की रात्री ओल्या उतारावरून सामानासह घसरलात, सकाळी एम.आय. रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्यूटीवर गेलात. म्हणजे इजा अहवाल, ज्याला तुम्ही लोक आय.ए.एफ.वाय. २००६ म्हणता, तो भरला गेला नाही. हे बहुतेकांचे असेच होते, कारण त्या वयात आणि त्या ठिकाणी पाठ दुखते म्हणून कागद करायला कोणाला सुचत नाही आणि सुचले तरी लाज वाटते. आता करता येईल ते असे की त्या रात्री बरोबर असलेल्या दोघांची शपथपत्रे घ्यावीत, ज्यांत दिवस, जागा आणि काय पाहिले एवढेच साध्या शब्दांत असावे. पुढे कंबरेसाठी दवाखान्यात दाखल झालात त्याचे सारांश जोडावेत. आणि मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीची श्रेणी, प्रथम कधी खाली आली त्याचा कागद जोडावा. बोर्डाने मणक्याच्या झिजेपुढे नेमके काय कारण लिहिले आहे ते पान तुमच्याकडे नाही, त्यामुळे त्यावर आत्ताच अधिक लिहीत नाही. एक सूचना मात्र करतो. त्या रात्रीची हकीकत जशी घडली तशीच लिहा, तीत चकमक घालू नका. युनिटच्या नोंदींत चकमक सापडली नाही तर बी.पी.चा भक्कम दावाही तिच्याबरोबर संशयात जाईल.

हे कागद मागायचे कसे, तर माहितीच्या अधिकाराखाली. रेकॉर्ड ऑफिसच्या केंद्रीय जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज करा, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा किंवा केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून शुल्क भरा. बोर्डाचे संपूर्ण कागद, मेडिकल कॅटेगरीच्या सर्व बोर्डांचे कागद, तज्ज्ञ डॉक्टरांचे अभिप्राय, वार्षिक तपासण्या, पोस्टिंगचा तक्ता आणि नकाराचा निर्णय, असे एकेक नाव घालून मागा; ‘माझे सर्व कागद द्यावेत’ असे लिहिले तर बहुधा दोनच पाने येतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि प्रतींसाठी पानाला २ रुपये लागतात. हे तुमचे स्वतःचे कागद असल्याने खासगी माहितीच्या सबबीवर ते तुम्हाला नाकारता येत नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीची मंडळी बेळगाव जवळ म्हणून सकाळच्या एस.टी.ने जाऊन समक्ष चौकशी करून येतात, पण समक्ष मिळालेल्या तोंडी उत्तराला पुढे काही किंमत नसते, म्हणून जवळ असले तरी अर्ज लेखीच असावा.

कागद येईपर्यंत अपील मात्र थांबवून ठेवू नका. नकार मिळाल्यापासून ६ महिन्यांच्या आत पहिले अपील करायचे असते, ती मुदत तुमच्या बाबतीत मे २०२३ मध्येच संपली. तरीही अपील पाठवा आणि त्यासोबत विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडा, ज्यात इंग्रजी पत्राचा अर्थ नीट कळला नाही, अपिलाचा मार्ग कोणी समजावून सांगितला नाही, आणि पेन्शनचा प्रश्न दर महिन्याला नव्याने उभा राहणारा आहे, या गोष्टी खऱ्या असतील तेवढ्याच लिहा. पहिले अपील सेना मुख्यालयातील पहिल्या अपिलांच्या समितीपुढे जाते आणि ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवायचे असते. भाषा हिंदी किंवा इंग्रजी ठेवा. ते फेटाळले गेले तर पुढच्या ६ महिन्यांत दुसरे अपील करता येते. पहिल्या अपिलावर ६ महिन्यांत काहीच निर्णय आला नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, २००७ याच्या कलम २१ प्रमाणे तुम्ही खात्याकडील उपाय करून पाहिला असे मानले जाते आणि न्यायाधिकरणाचे दार उघडते. ते उघडल्यानंतर पुन्हा ६ महिन्यांची मुदत सुरू होते, कलम २२ मध्ये ती दिली आहे, आणि ती दुसऱ्यांदा ट्रंकेत जाऊ देऊ नका.

या काळात काही जण स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर तक्रारीमागून तक्रार टाकत राहतात. पेन्शनची रक्कम चुकली, महागाई भत्ता लागला नाही, नावात चूक आहे, अशा गोष्टींसाठी ते ठीक आहे. आजाराचा सेवेशी संबंध आहे की नाही हे स्पर्शवर ठरत नाही, आणि तिथून ‘तक्रार निकाली काढली’ असा संदेश येईपर्यंत आणखी वर्ष जाते.

कोल्हापुरातील हायकोर्टाबद्दल. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आपल्या गावात सुरू झाले याचा मला, इथल्या प्रत्येक वकिलाप्रमाणे, अतिशय आनंद आहे, आणि म्हणूनच तुम्हाला तिथे घाईने पाठवावेसे वाटत नाही. सैनिकांच्या सेवाविषयक दाव्यांसाठी वरील कायद्याने वेगळे न्यायाधिकरण स्थापन झाले आहे आणि महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ मुंबईत आहे. निवृत्त सैनिकाला तो जिथे राहतो त्या भागाच्या पीठाकडे अर्ज करता येतो, त्यामुळे तुमचे रेकॉर्ड ऑफिस देशात कुठेही असले तरी तुम्हाला मुंबईच्या पलीकडे जावे लागणार नाही. न्यायाधिकरणाचा मार्ग सोडून थेट रिट दाखल केली तर पहिल्याच तारखेला ‘आधी तिकडे जा’ असे ऐकावे लागण्याची शक्यता फार मोठी आहे. न्यायाधिकरणाने तुमच्याविरुद्ध निकाल दिला तर मात्र उच्च न्यायालयाचा विचार करता येईल, कारण त्या निकालाविरुद्ध रिट ऐकण्याचा उच्च न्यायालयांचा अधिकार अबाधित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

पैशांचा हिशेब सांगतो. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्याखाली त्याच प्रमाणात, असा सर्वसाधारण नियम आहे. हिशेबाला सोपे म्हणून तुमचे शेवटचे वेतन मिलिटरी सर्व्हिस पे धरून ४५,००० रुपये होते असे समजू. १०० टक्क्यांना १३,५०० रुपये होतात, ४० टक्क्यांना ५,४०० रुपये. याशिवाय राउंडिंगचा लाभ आहे, म्हणजे ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यावर १००. तो धरला की तुमची रक्कम महिन्याला ६,७५० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता अशी होईल. हा लाभ पूर्वी केवळ आजारामुळे मुदतीपूर्वी घरी पाठवलेल्यांना मिळत असे. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो मिळाला पाहिजे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या प्रकरणात दिला. तुम्ही दुसऱ्या गटात आहात, त्यामुळे अपिलात आणि पुढे न्यायाधिकरणाच्या अर्जात ही मागणी वेगळ्या परिच्छेदात, आकड्यासह करा. मागितले नाही म्हणून दिले नाही, असे झालेले मी पाहिले आहे.

थकबाकीबाबत २००८ मधील तरसेम सिंग यांच्या निकालाचा आधार घेऊन न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याच्या तारखेपासून सर्वसाधारणपणे मागची ३ वर्षेच दिली जातात. तुमची ३ वर्षे ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण झाली. त्यामुळे तेव्हापासून जाणारा प्रत्येक महिना तुमच्या थकबाकीतील सर्वांत जुना महिना घेऊन जातो, आणि वरच्या हिशेबाने तो भत्त्यासह ७,००० रुपयांच्या पुढे आहे. अपील याच महिन्यात पोस्टात पडावे असा आग्रह मी धरतो त्याचे कारण हे आहे.

राहिले ते ३० टक्के मागणारे गृहस्थ. ते वकील असतील तर निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणे वकिलांच्या आचारनियमांत निषिद्ध आहे, आणि वकील नसतील तर तुमच्या वतीने न्यायाधिकरणात उभे राहून युक्तिवाद करणे हे त्यांचे काम नव्हे. कँटीनच्या रांगेत ओळख झालेल्या अशा एका माणसाने माझ्या एका पक्षकाराकडून कोऱ्या वकीलपत्रावर आणि बँकेच्या दोन कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या होत्या. पेन्शन मंजूर झाली, आणि थकबाकी खात्यावर जमा झाली त्याच आठवड्यात पहिला चेक वटला. तुम्ही कोऱ्या कागदावर सही करू नका आणि मूळ डिस्चार्ज बुक व पी.पी.ओ. (पेन्शन मंजुरीचा आदेश) कोणाच्या हाती देऊ नका. वकील जरूर करा, पण फी आधी आकड्यात ठरवा आणि पावती घ्या. खर्च झेपत नसेल तर आधी कोल्हापुरातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून तिच्याखाली सैनिक मंडळांमध्येच कायदेविषयक साहाय्य केंद्रे उघडण्याची तरतूद आहे. तिथे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

पहिल्या अपिलाचा मसुदा दोन पानांपेक्षा मोठा करू नका. पहिल्या परिच्छेदात सेवेचा तपशील, दुसऱ्यात भरतीपूर्वी आजार नव्हता ही बोर्डाचीच नोंद पान क्रमांकासह, तिसऱ्यात काश्मीरमधील तारखा व त्यापुढे बी.पी. सापडल्याची तारीख, चौथ्यात ती एक ओळ जशीच्या तशी उतरवून ती कारण का ठरत नाही याचे विवेचन आणि निकालांची नावे, पाचव्यात कंबर, शेवटी मागण्या. स्पीड पोस्टाने पाठवा, पाकिटावर आणि अर्जावर सेवा क्रमांक लिहा, पोस्टाची पावती व पोचल्याचा ऑनलाइन दाखला अपिलाच्या प्रतीला टाचून ठेवा, कारण ६ महिने त्याच तारखेपासून मोजायचे आहेत. कंबरेबाबतच्या कारणाचे पान हाती आले की त्याची झेरॉक्स मला पाठवा. पाचवा परिच्छेद ते पान पाहूनच लिहावा लागेल, आणि तोवर अपील गेलेले असेल तर तो पुरवणी निवेदन म्हणून मागाहून जोडता येईल.